बोरिंगचा दांडा

बयनाबाईनं बोरिंगच्या दांड्यानं जयवंतराव पाटलाचा हात मोडला, असं भीमपूरच्या बाजारात लोक रंगवून सांगतात. साफ खोटं! हात मोडला तो बयनाबाईचा.

या सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या बौद्धवाड्याची विहीर आटली. गावातलं हातानं उपसायचं बोरिंग सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. बयनाबाईनं तिथं घागर लावली. पाटील फुटक्या भोंग्यासारखा ओरडला (हा आवाज मी हुबेहूब काढतो), "ए बाई, पानी बाटवतं काय? हो बाजूले!" ती हलली नाही. त्यानं खिळा उपसून लोखंडी दांडाच काढला आणि तिच्या उजव्या हातावर घातला. हाड काडकन मोडलं. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा कपाळावर. चौथ्याला तिनं डाव्या हातानं दांडा धरला, हिसकला आणि रक्त गाळत घरी घेऊन आली.

दांड्याशिवाय बोरिंग म्हणजे नुसता खांब. तीन दिवस पाटलाच्याही घागरी कोरड्या. चौथ्या दिवशी तो दारात आला. "बयनाबाई, दे ना वं दांडा."

"देत नाई. मीच बसवतो, अन् पयली घागर माही."

तसंच झालं.

मी तिला म्हटलं, "मावशी, तुही किंकाळी पन काढून दाखवतो. लाव पैज!"

"मी वरडली असन तं काढशीन ना! कोनी आयकलं ते इचारून ये. हरला तं माहं पानी भरशीन."

सगळं गाव विचारून आलो. कोणीच ऐकली नव्हती. आता रोज तिच्या दोन घागरी भरतो, त्याच बोरिंगवर.