फोटोत दिसतंय ते सगळं

मी माझ्या आत्याला इंटरनेटवर लिलावात काढलं, असं माधवनगरात अजूनही सांगतात. ते पूर्ण खरं नाही. मी फक्त ग्रामोफोन काढला होता.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. आमच्या घरात फ्रिज यायचा होता आणि त्याच्या जागेवर वडिलांचा पितळी भोंग्याचा ग्रामोफोन ठाण मांडून बसला होता. "एक तर हा राहील, नाहीतर फ्रिज," आमच्या सौभाग्यवती सुनीता म्हणाल्या. (मीही जाऊ शकतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच.)

त्याच सुमारास सांगलीत एका मास्तरांनी टायपिंगचा क्लास बंद करून सायबर कॅफे काढला होता. इंटरनेटवर लिलाव चालतात, लोक घरबसल्या बोली लावतात, हे त्यांनीच मला सांगितलं. मी तिथंच बसून जाहिरात ठोकली: 'अतिप्राचीन, राजेशाही, स्वर्गीय सुरांचा ठेवा'. आठवडाभर हेलपाटे घातले. एक बोली येईल तर शपथ!

"यात ग्रामोफोन कुठाय?" मास्तर म्हणाले. "लोक ग्रामोफोन शोधतात, स्वर्ग नाही. सरळ नाव लिहा. काय मोडलंय तेही सांगून टाका. सुरुवातीचा भाव कमी ठेवा. आणि फोटो जरा उजेडात काढा."

मी पेटलो. ग्रामोफोन अंगणात आणला आणि उठून दिसावा म्हणून आत्याच्या सागवानी पेटीवर ठेवला. आत्या ही पेटी घेऊनच आमच्याकडं राहायला आली होती. ग्रामोफोन केवढा आहे ते कळावं म्हणून आत्यालाही शेजारी उभं केलं. ऐन वेळी कोंबडी मधे आली. (रोल संपत आला होता, म्हणून तीही राहिली.) मास्तरांनी फोटो स्कॅन करून चढवला. मी मोडक्या चावीची कबुली दिली आणि प्रामाणिकपणाचा कळस म्हणून खाली लिहिलं: 'फोटोत दिसतंय ते सगळं मिळेल'.

दुसऱ्याच दिवशी बोली आली! मग तिच्यावर आणखी एक! पुण्याचे एक गृहस्थ आणि मुंबईच्या एक बाई, कुणीच हटेना. निम्मी गल्ली कॅफेत लोटली. पान उघडायला मात्र वेळ लागायचा.

"आलं का?"

"भोंगा आलाय. आकडा यायचाय."

शेवटी पुणेकर जिंकले. मी गल्लीत पेढे वाटले.

पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन दारात हजर. भोंग्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट पेटीपुढं बसले आणि तिच्या नक्षीवरून हात फिरवू लागले.

"हीच ती. मी जुनं लाकूडकाम जमवतो."

"पेटी विकायची नाही हो," मी म्हणालो.

"तुम्हीच लिहिलंय की, फोटोत दिसतंय ते सगळं." त्यांनी माझी जाहिरात छापून आणली होती.

आवाज ऐकून आत्या बाहेर आली. तिनं कागद हातात घेऊन फोटो निरखला.

"वसंता, ह्येच्यात मी बी हाय की रं."

"हो, आत्या."

"मंजी माजा बी भाव लागला?"

आत्या शांतपणे जाऊन पेटीवर बसली.

"आवं सायेब, ही पेटी माज्या बापानं सोताच्या हातानं केली, माज्या लग्नात. पन लिवलंय तर न्या. फकस्त सगळंच न्यायला पायजे. मी, पेटी आन् कोंबडी. मला उठल्या उठल्या च्या लागतो, आन् कोंबडी घरातच निजती."

पुणेकरांनी गाडीच्या मागच्या सीटकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं आणि खो खो हसत सुटले. सुनीतानं चहा आणि भडंग आणलं. बापानं ती नक्षी कशी कोरली, हे आत्या सांगत बसली आणि ते मांडी घालून ऐकत राहिले. अखेर ग्रामोफोन आणि भडंगाची पिशवी घेऊन आनंदात गेले. मला वाटलं, सुटलो.

पण विक्रेत्याबद्दल दोन शब्द लिहायची सोय त्या लिलावात होती. पुणेकरांनी लिहिलेले शब्द मास्तरांनी भरल्या कॅफेत मोठ्यानं वाचले: 'माल चांगला. आत्या त्याहून चांगल्या. विक्रेत्याला मात्र आपण काय करतोय ते कळत नाही.'

"हे पुसता येतं का?" मी हळूच विचारलं.

"छे. साऱ्या जगाला दिसणार."

मला काही कळत नाही, ही गोष्ट तोवर फक्त आमच्या घरात माहीत होती.