दहा दिवसांचा उपचार

वझलवार सर गेल्याची बातमी मला लघवी तपासणीच्या खिडकीत कळली. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, तेवढ्यात माझ्या जुन्या विभागाचा शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, मोठे सर गेले जी. उद्या शोकसभा आहे, तुम्हाले बोलावलं आहे." मी हातातली चिठ्ठी नीट चिकटवली आणि पुढची बाटली घेतली. रडू आलं नाही. आज सहा आठवडे झाले, तरी आलेलं नाही. शोकसभेला मी गेले नाही. या पुरवणीच्या संपादकांनी मात्र आग्रह धरला, "तुम्ही त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढलीत, चार आठवणी लिहा." लिहिते. त्या चांगल्या असतील असं मी त्यांना कबूल केलेलं नाही.

आधी त्यांचं जे होतं ते देऊन टाकते. त्यांचा हात देखणा होता. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले की माणूस महिनोन्‌महिने तापानं झिजत जातो. त्यावरची औषधं सर सशांवर तपासत. सशाला भूल देऊन मानेतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी हृदयापर्यंत सरकवायची, तिनं झडपेला ओरखडा पाडायचा, मग कानाच्या शिरेतून जंतू सोडायचे. दोन दिवसांत झडपेवर फुलकोबीसारखी गाठ धरते. नळी झडपेला टेकली की बोटाला बारीक ठोका लागतो. तो ठोका ओळखायला त्यांनी मला शिकवलं, माझ्या बोटांवर स्वतःचं बोट न ठेवता, दोन हात लांब उभं राहून. इतरांना ते हात धरून शिकवत. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध, आणि माझं आडनाव ऐकल्यावर नागपुरात ते वेगळं सांगावं लागत नाही. प्लेटा मात्र माझ्याकडेच असत. मेलेल्या सशाची झडप काढून वाटायची, प्लेटवर पसरायची आणि दुसऱ्या दिवशी जंतू उगवले का ते बघायचं.

सरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. पेनिसिलिन चार आठवडे द्यायची गरजच नाही, दहा दिवस पुरतात. सुरुवातीला मलाही ते पटलं होतं. खेड्यातून आलेलं माणूस चार आठवडे वॉर्डात कसं राहणार? खाटा कमी, घरी जनावरं, पोरं. दहा दिवसांत भागलं तर किती जीव वाचतील... सशांना आम्ही दहा दिवस सुई देत असू, मग आठवडाभर काहीच नाही आणि त्यानंतर झडप बघायची. बहुतेक प्लेटा कोऱ्या निघत. सर खुशीत असले की व्हरांड्यात शीळ घालत. मला ती शीळ आवडायची, हेही लिहायला हवं.

जनावरांच्या खोलीत कवडूजी होते. मूळचे उमरेडचे विणकर, माग बंद पडल्यावर इथं नोकरीला लागलेले. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाई, हे तिघं खाऊन नाही राहिले जी. सुई बंद झाली तवापासून गवताले तोंड लावत नाही." मी पिंजऱ्यात हात घातला. ससे तव्यासारखे तापले होते. ठरल्या दिवशी त्यांच्या झडपा काढल्या आणि दुसऱ्या सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर तिन्ही प्लेटा ठिपक्यांनी गच्च भरलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच साखळ्या, आम्हीच सोडलेले जंतू. औषधानं ते मेले नव्हते, दबून बसले होते.

मी प्लेटा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी एक उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "कंटॅमिनेशन आहे हे."

"सर, तिन्हीवर एकच जंतू आहे. आपलाच आहे. मी पुन्हा लावून दाखवते."

"मी सांगतोय ना, बाहेरून आलंय. तुमच्या हातातून." मग खाली बघत, आवाज न चढवता, "स्वच्छतेचे संस्कार घरातून यावे लागतात. त्याला तुमचा इलाज नाही."

तिन्ही प्लेटा त्यांनी स्वतः जंतुनाशकाच्या बादलीत टाकल्या. मी बघत उभी राहिले. घरी येऊन नळाखाली हात धरला आणि कातडी लाल होईस्तोवर घासत राहिले. ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते. त्याच महिन्यात दहा दिवसांच्या उपचारावरचा सरांचा शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला गेला. त्यात ते तीन ससे नव्हते, आणि मीही नव्हते.

निबंध छापून आला आणि वॉर्डात दहा दिवसांचा उपचार सुरू झाला. पहिल्या काही रोग्यांत रामटेकजवळच्या खेड्यातली सुमनबाई होती. तिशीच्या आतली, भातशेतीत मजुरी करणारी. लहानपणी सांधे सुजले होते, तेव्हापासून झडप अधू. रक्त काढायला मी जायची तेव्हा ती मलाच धीर द्यायची, "घाबरू नको वं, घे तू." अकराव्या दिवशी ती गाठोडं बांधून बसली होती. "बरी झालो मी, बाई. रोवणी आली, जातो आता." मला माहीत होतं. तिचा दंड धरून थांब म्हणावं, असं मनात आलंही. पण समोर सर उभे होते, आणि माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी म्हटलं, "सांभाळून जा." एवढंच म्हटलं.

तीन आठवड्यांनी तिला बैलगाडीतून आणि मग एसटीतून आणलं. अर्धं अंग लुळं पडलं होतं. झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता. तिनं मला ओळखलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द धड निघेना. "काहून... आला वं... ताप परत?" मी तिचं रक्त घेतलं, प्लेट लावली. तेच ठिपके. ते मोजायच्या आतच ती गेली.

त्या दुपारी मी सरांच्या खोलीत शिरले आणि उभ्यानंच म्हटलं, "निबंधात दुरुस्ती पाठवा, सर. नाही तर मी पाठवते." दुसऱ्या आठवड्यात माझी बदली लघवी तपासणीत झाली. आणि वॉर्डात, कुणालाही काही न सांगता, पुन्हा चार आठवड्यांची सुई सुरू झाली. म्हणजे त्यांना पटलं होतं! आपल्या वॉर्डापुरतं पटलं होतं. गोंदिया, चंद्रपूर, बैतूलकडचे डॉक्टर छापलेलं वाचूनच उपचार करत राहिले. त्यांच्याकडे किती सुमनबाया झाल्या, कुणी मोजलं नाही. मी नियतकालिकाला पत्र लिहिलं. विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्याच, सहीशिवाय विचार करता येणार नाही, असं उत्तर आलं.

मागच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी धरमपेठेतल्या त्यांच्या घरी गेले. सहानुभूतीनं नाही, सहीसाठी गेले. दुरुस्तीचा मजकूर टाइप करून नेला होता. कूलरच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना, म्हणून वाकून म्हटलं, "सर, त्या तीन सशांचं पत्र आणलंय."

"कोणते ससे?" ते छताकडे बघत म्हणाले. "मला नाही आठवत."

मी कागद पुढे धरून उभी राहिले. मग ते पुटपुटले, "तो चौदा नंबरचा तर मुळातच अशक्त होता."

मी नंबर सांगितलाच नव्हता.

"सही करा, सर," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागलेली नव्हती, पापण्या हलत होत्या. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघाले. त्यांच्या पत्नीनं विचारलं, "चहा?" मी नको म्हटलं.

आता विभागात त्यांचा फोटो लागला आहे. मला तो फोटो दिसत नाही, माझी खिडकी दुसऱ्या इमारतीत आहे. सर माझ्यासाठी आहेत ते ग्रंथालयात, तळमजल्यावर, त्या नियतकालिकाच्या हिरव्या कापडी बांधणीच्या एका खंडात. मागच्या सोमवारी तो काढून घेतला. कार्डावर बघितलं तर याच वर्षी दोघांनी वाचायला नेलेला. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मला कळतं. म्हणूनच पेन्सिल घेतली नाही, पेन घेतलं. 'दहा दिवस पुरेसे आहेत' या अर्थाच्या त्यांच्या शेवटच्या इंग्रजी वाक्याशेजारी, कोऱ्या जागेत लिहिलं: पुरेसे नाहीत. तीन सशांत जंतू जिवंत निघाले होते. सुमनबाई नावाची बाई दहा दिवसांनी घरी पाठवली, ती परत आली आणि मेली. खाली सही केली, पूर्ण आडनावासकट, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.