सावलीची खूण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरांना तर नाहीच. सर आता गेले. त्यांच्या आठवणींची पुस्तिका निघतेय, मला दोन पानं लिहायला सांगितलीत. गोडगोड लिहून मोकळी झाले असते. तसं तीनदा लिहिलंही — आणि फाडलं.

सर म्हणजे कानांचे तज्ज्ञ. मुंबईच्या कॉलेजात जन्मभर शिकवलं, निवृत्त झाले आणि पालघरला येऊन राहिले. लोक निवृत्तीनंतर आंब्याची कलमं लावतात. हे गृहस्थ कान तपासायचं मशीन गोधडीत गुंडाळून बोईसरच्या आसपासच्या शाळा पालथ्या घालायचे. तपासणीच्या खोलीत भर उकाड्यात पंखा बंद, आम्हा शिक्षिकांच्या बांगड्यासुद्धा उतरवायला लावायचे. आम्ही वैतागायचो. पण मूल घाबरलं की स्वतः फरशीवर मांडी घालून बसायचे आणि ते हसेपर्यंत मशीनला हात लावायचे नाहीत. किती मुलं त्या माणसामुळे शाळेत टिकली!

बघा — पुन्हा सरांवरच घसरले. मुद्दा टाळायचा असला की मला फार आठवतं.

मी बेटेगावजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत होते. साताऱ्याकडून आलेली, नवी, तोंडाने फटकळ. पहिलीतली सुनीता हाकेला कधी ओ द्यायची नाही. मी तिला ढ ठरवलं. कोपऱ्यात उभं केलं — एकदा नाही, कितीदा तरी. तिची आई सोमी दोनदा शाळेत आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "बाई, पोरीला ऐकू नाय येत. मागून हाक मारली तं वळत नाय. माजी सावली पुढं पडली का वळते."

मी काय म्हणाले असेन? "घरी अभ्यास घ्या," म्हणाले. जिला स्वतःला अक्षरओळख नव्हती, तिला! दिवाळीनंतर सोमी वीटभट्टीवर गेली, पोरीला आत्याकडे ठेवून.

आणि त्याच हिवाळ्यात सर आले. सुनीताला बराच वेळ तपासलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "हिला कमी ऐकू येतं हे आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का?"

माझ्या तोंडून निघालं — "माझ्या." तिथेच थांबले असते तरी एक वेळ — पण नाही. सोमीचं ते सावलीचं बोलणंही सांगितलं, माझं म्हणून. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तेव्हापासून शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात ते सांगायचे — मुलाच्या मागे उभं राहा, आपली सावली त्याच्यापुढे पडत नाही ना बघा, मग हाक मारा. वर माझं नाव. सफाळ्यापासून तारापूरपर्यंत मी 'सावलीवाल्या बाई' झाले. आणि मला ते आवडायचं — आता कशाला लपवू? सर मला शाबासकी द्यायचे, मी मान खाली घालायची, आणि त्यांना तो माझा विनय वाटायचा.

सुनीताला ऐकू येण्यासाठी कानात घालायचं मशीन मिळालं. ती शिकली, भरपूर शिकली. आज सरांच्याच पालघरच्या तपासणीच्या खोलीत ती मुलांचे कान तपासते, तस्साच पंखा बंद करून. नव्या शिक्षकांना सावलीची खूण दाखवते आणि म्हणते, "ही आमच्या बाईंनी शोधली." कधी कधी सोमी तिचा डबा घेऊन आलेली असते, दाराशी उभी राहून लेकीकडे कौतुकाने बघत असते. तिला आठवत असेल? आठवूनही गप्प असेल? मी कधी विचारलं नाही. भ्याले.

पुस्तिकेचे लेख सुनीताच जमवतेय. म्हणजे हा सर्वांत आधी तीच वाचणार. उद्या सकाळी स्वतः नेऊन देईन. भीती वाटतेय, पण कितीतरी वर्षांनी बरंही वाटतंय. अजून पुष्कळ शिक्षक त्या खोलीत येतील, पुष्कळ मुलं वेळेवर सापडतील — आणि हे कोणामुळे, ते त्यांना खरं कळेल.

सुनीता, मी ओळखलं नव्हतं. मी तुला कोपऱ्यात उभं केलं होतं. ओळखलं ते तुझ्या आईनं.