आवाराबाहेरच्या बायका

सिद्धप्पा आमच्या भागातला जुना जॉबर. बंद पडलेला माग त्याने हात लावला की चालू होतो, असं मालक लोकही कबूल करतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखानदारांची एक संघटना आहे. तिचं कार्यालय मी सांभाळतो. कामगारांच्या मानवी हक्कांसाठी समिती नसेल तर माल उचलणार नाही, असं परदेशी खरेदीदारांनी कळवलं, तेव्हा अशा समितीचे नियम ठरवायच्या बैठकीला कामगारांनी सिद्धप्पाला पाठवलं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. टॉवेल कारखान्यात विणले जातात, पण त्यांच्या टोकाच्या दशांना गाठी मारायचं काम बायका घरी करतात. तयार गठ्ठे न्यायला आलेला मुकादम त्यांची झडती घ्यायचा. टॉवेल लपवलाय का बघायला भर गल्लीत पदर झाडायला लावायचा. सिद्धप्पाची थोरली बहीण काशम्मा त्या बायकांतलीच. "समिती झाली की पहिली तक्रार तुझी, अक्का," असं तिला सांगून तो बैठकीला आला होता.

संघटनेचे अध्यक्ष नंदीशअण्णा म्हणाले, "कारखान्याच्या आवारातल्या माणसांचं समिती बघेल. घरच्या बायका आमच्या हजेरीपटावर नाहीत."

"गठ्ठा तुमचा, मुकादम तुमचा, मग बाई कुणाची, अण्णा?"

अण्णा हसले. "वकील झालास की! चल, आधी जेवू. उपाशीपोटी भांडण नको."

ज्या मालकासमोर सिद्धप्पा जन्मभर उभ्यानेच बोलला, त्याने त्याला शेजारी बसवलं, आग्रह करकरून गव्हाची गोड हुग्गी वाढली. जेवण झाल्यावर स्वतः विडा लावून त्याच्या हातावर ठेवला. सिद्धप्पाने तो तोंडात टाकला.

त्या दोघांच्या समाजात सोयरीक असो की जमीन, बोलणी विड्यावर संपतात. विडा घेतला की शब्द दिला. अण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग आवारापुरतं ठरलं न्हवं?" सिद्धप्पाचं चावणं थांबलं. मग त्याने होकारार्थी मान हलवली. मी मसुद्यात तसं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अरे, जेवणानंतरचा विडा तो. त्याला कोण शब्द म्हणतं?"

"आमच्यात म्हणत्यात, सायेब." तो सायकलचं कुलूप काढत होता. "आन खरं सांगू का, विड्याचं निमित्त हाय. शेजारी बसवलं तवाच मी ढिला पडलो हुतो."

समिती झाली. सिद्धप्पा तिचा सदस्य झाला. काशम्मा तक्रार घेऊन आली, तेव्हा तो माझ्या टेबलाशेजारीच बसला होता.

"अक्का, घरी काम करणाऱ्यांचं हितं चालत न्हाय."

"कुणी ठरवलं?"

"मी हुतो की ठरवताना."

"आमच्या पदराच्या बदल्यात काय वाढलं रं अण्णानं? हुग्गी?" एवढं बोलून ती गेली.

पुढच्या वेळी मुकादम गठ्ठे न्यायला गेला, तेव्हा सिद्धप्पा रजा टाकून बहिणीच्या गल्लीत गेला. एकट्याला धीर होईना म्हणून मला सोबत घेतलं. त्याला बघून मुकादम नरमला.

"काशम्मा, तुमचं ऱ्हाऊ द्या. भाऊ मेंबर झाल्यात तुमचे. बाकीच्यांनी रांगेत या."

बाकीच्या बायका रांगेत आल्या, एकेक करून पदर झाडू लागल्या. सिद्धप्पा एक पाऊल पुढे झाला आणि तिथेच थांबला. कुठल्या नियमाने बोलणार होता तो?

काशम्माने आपला गठ्ठा खाली ठेवला आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"अहो, तुम्हाला नको म्हणालो की," मुकादम म्हणाला.

"का? मी काय आवारातली हाय व्हय?"

पाळी आल्यावर तिने पदर काढून दोन्ही हातांनी झाडला, भावाकडे तोंड करून. सिद्धप्पा वळला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मीही.