तिच्या जागी धावणारी मुलगी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती दुपार मी अजून विसरलेलो नाही.

मी तेव्हा नागपूर ग्रामीणमध्ये ठाणेदार होतो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी काम करणारा एक बाप ठाण्यात आला. त्याची सोळा वर्षांची मुलगी सकाळच्या सरावाला गेली ती परतलीच नव्हती. चारशे मीटरच्या जिल्हा निवड चाचणीत ती पहिली आली होती. राज्य स्पर्धेच्या संघात मात्र तिच्या जागी दुसऱ्याच मुलीचं नाव निघालं.

"त्या पोरीले इकडे कोणी ओळखत नाही, साहेब," बाप म्हणाला. "कालपासून माही पोरगी जेवली नाही. कोणाशी बोलूनही नाही राहिली."

अल्पवयीन मुलगी हरवली की अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, हा नियम. ठाणे अंमलदाराने तो नोंदवला, वायरलेसवर वर्णन गेलं. पण माझ्या मनात अपहरण नव्हतं. मी काही माणसं कन्हान नदीच्या पुलाकडे पाठवली, काही रेल्वे रुळांकडे. वायरलेस खरखरला की बाप उभा राहायचा. त्याच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

दुपार कलताना शहर नियंत्रण कक्षाचा निरोप आला. नागपुरातल्या जरीपटका वस्तीतल्या एका बाईने कळवलं होतं, की शेजारच्या बंद घराच्या खिडकीशी ट्रॅकसूटमधली एक मुलगी कधीची उभी आहे, हटायला तयार नाही.

बापाला जीपमध्ये घेतलं, सोबत एक महिला शिपाई. मुलगी तीच होती. बापाने जवळ घेतलं तरी तिने खिडकीचा गज सोडला नाही. आत तिच्याहून लहान दिसणारी एक मुलगी रडत होती. दाराला बाहेरून कुलूप.

"मैदानावर विचारत विचारत आली मी," ती म्हणाली. "माझ्या जागी तू काहून, हे विचाराचं होतं. तर ही घरी जायचं म्हणून रडून राहिली. तिले अशी सोडून कशी येऊ?"

पंचांसमक्ष कुलूप तोडलं. ते घर संघाच्या प्रशिक्षकाचं होतं. तो चौकशीला आला तोच ऐटीत. "माझी भाची आहे. खापरखेड्यालाच राहते. स्पर्धेआधी भटकू नये म्हणून कुलूप लावलं."

अशी माणसं आपण दम दिला म्हणून खरं बोलत नाहीत. त्यांच्याच शब्दावर त्यांना चालू द्यावं लागतं.

"भाची ना? मग बहिणीला फोन लावा. पोरीला आईशी बोलू द्या."

त्याने मोबाइल काढला. बोट नुसतंच स्क्रीनवर फिरत राहिलं. मग त्याने पाणी मागितलं आणि सगळं सांगितलं. मुलगी परराज्यातली, रहिवासी दाखला खोटा. जिल्ह्याला पदक मिळालं की प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव होणार होतं.

प्रशिक्षकावर गुन्हा दाखल झाला. लहान मुलगी बालकल्याण समितीमार्फत आईवडिलांकडे पोहोचली. पण नावं पाठवायची मुदत टळली होती. त्या शर्यतीत आमच्या जिल्ह्याची लेन रिकामी राहिली.

पुढच्या वर्षी खापरखेड्याची मुलगी धावली. बाप ठाण्यात पेढे घेऊन आला.

"चौथी आली, साहेब. पण इथली पोरगी इथल्या नावानं धावली."

अन्याय झालेलं माणूस जिवाचं बरंवाईट करायलाच निघतं असं नाही. कधी ते फक्त जाब विचारायला निघतं. त्यानंतरही हरवल्याची तक्रार आली की मी नदीकडे माणसं पाठवायचोच. पण घरच्यांना आधी विचारायचो, तिला कुणाला काही विचारायचं राहिलं होतं का?