चूप किती राह्यते?

माझा थोरला भाऊ फ्रीजच्या दुकानात गेला की आधी बसायला स्टूल मागायचा. मग फ्रीजला कान लावून त्याची मोटर बंद व्हायची वाट पाहायचा. दुकानदार रंग सांगे, लिटर सांगे. भाऊचं एकच, "तो चालते किती ते नोको सांगू बापा, चूप किती राह्यते ते सांग."

भाऊ अकोट-अकोला एसटी चालवून निवृत्त झालेला. वहिनी गेल्यावर अकोटच्या घरात आम्ही दोघंच, तो आणि मी, लग्न न केलेली मास्तरीण. मला रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. एकदा थर्मासात बर्फ घालून औषध नेलं आणि शेंदूरजनाघाटला लग्नाला गेले. उन्हानं बर्फाचं पाणी झालं, औषध बिघडलं, आणि मांडवातून मला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर मी एक रात्रही घराबाहेर काढली नाही. घरच्या फ्रीजचाही काय भरवसा, लाइन तासन् तास गेलेली असायची.

"तुले नर्मदा पाह्याची हाये ना? चाल, ओंकारेश्वरले नेतो," भाऊ म्हणाला आणि एक जुनी व्हॅन घेऊन आला. टपावर सोलरच्या पाट्या, सीटखाली बॅटऱ्या, मागं झोपायला दोन फळ्या. सगळं झालं, घोडं अडलं ते फ्रीजवर.

वाईट वर्षं होती ती, नापिकीची, कर्जाची. पूर्वी एसटीत लोक कापसाचा भाव, पोरींची स्थळं, सगळं ओरडून बोलायचे. भाऊच्या नोकरीच्या शेवटी शेवटी गाडी खच्चून भरलेली आणि तरी गप्प असायची. "आता कोणी सीटसाठी भांडतबी नाई वं," तो घरी येऊन सांगायचा. मयतींना जाऊन जाऊन आमचंही रडणं आटलं होतं. त्याला फ्रीजचं वेड त्यातूनच लागलं असावं. बाकी कशाचंच काही करता येत नव्हतं.

अकोल्यात जठारपेठेतल्या दुकानात सलीमभाईंनी त्याला उंच, दोन दारांचा फ्रीज दाखवला. "बेवडा हाये हा," भाऊ म्हणाला. "रातभर पेईन अन् सकाळी बॅटरी खाली." मी वैतागले, "अरे, घे ना एकदाचा!" पण तो कोपऱ्यातल्या एका बुटक्या पेटीशी जाऊन बसला होता. वरून झाकण असलेली, थेट बॅटरीवर चालणारी. मला म्हणाला, "दार उघडलं का थंडी पायावर सांडते. झाकण उघडलं तं तठीच बसते."

"इसमें तो दूध का पतीला भी नहीं मायेगा, भाऊ," सलीमभाई म्हणाले.

"दूध कायले ठेवाचं? बहीण ठेवाची हाये माही."

सलीमभाई हसले, मीही हसले. चांगली खळखळून हसले.

पेटी गाडीत बसली. "आता पास झाला का तुझा फ्रीज?" मी विचारलं. "इतक्यात नाई. दिवसभर गाडी उनात चालली पाह्यजे, अन् संध्याकाळी सुई टोचल्यावर तुले गार लागलं पाह्यजे. मंग पास."

निघायच्या आदल्या सकाळी तो टपावरच्या पाट्या पुसून खाली उतरला आणि व्हॅनच्या पायरीवर बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो बसल्या जागीच गेलेला होता. मी कप खाली ठेवला, शेजाऱ्यांना हाक मारली. नंतर तो चहा मोरीत ओतला आणि कप विसळला. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय हिला. धक्काबिक्का काही नव्हता. काहीच नव्हतं.

पुण्याहून त्याचा मुलगा आला, विलास. म्हणाला, "आत्या, अस्थी मी नाशिकला नेतो. तू घरीच थांब, तुझं औषध असतं."

"ओंकारेश्वरला न्यायच्या," मी म्हटलं. "ह्याच गाडीनं. आणि मी येतेय."

दिवसभर गाडी उन्हात चालली. नर्मदा पाहिली. मोठी आहे. विलासनं अस्थी सोडल्या, मी हात जोडले, तेव्हाही आत काही हललं नाही.

संध्याकाळी व्हॅनमधल्या फळीवर बसून मी पेटीचं झाकण उघडलं, औषध काढलं, पोटात टोचून घेतलं.

गार लागलं. तो गेल्यापासून मला काही लागलं असेल तर ते एवढंच.

"पास झाला रे, भाऊ," मी मोठ्यानं म्हणाले. विलासनं वळून पाहिलं. तेवढ्यात मोटर बंद झाली, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत मी पेटीला कान लावून बसून राहिले.