जाऊबाईनं बघितलं का

माझं स्टेटस जाऊबाईनं सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी बघितलं आणि एक शब्द लिहिला नाही. अंगठा नाही, फूल नाही, जोडलेले हातसुद्धा नाहीत. गॅसवरचा चहा उतू गेला तरी मी फोनमधल्या त्या यादीकडेच बघत उभी होते. आपलं स्टेटस कुणी कधी बघितलं हे फोन सांगतो, आणि माझ्यासारख्या बाईला जळायला तेवढं पुरतं. साठ-सत्तर माणसं बघायची माझं स्टेटस. माहेरची, भिशीतल्या बायका, नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं. त्यांच्याशी मला काही घेणं नव्हतं. मला त्या यादीत एकच नाव हवं असायचं.

आम्ही परतूरला राहतो, थोरले दीर जालन्यात मस्तगडला. जाऊबाई माझ्या चार वर्षं आधी या घरात आलेली. उंच, गोरी, आवाज कधी न चढवणारी. सासूबाई होत्या तोवर माझ्या हातचं पिठलं खाताना म्हणायच्या, "चांगलं झालंय, पण मोठीच्या हाताला चव आहे." सासूबाई गेल्या, पण ते पिठलं माझ्या घशात अजून अडकलेलं आहे. त्यात आम्हा दोघींना मुली झाल्या त्याही दोन महिन्यांच्या अंतरानं. चालायला आधी कोण लागली, बोलायला आधी कोण लागली, हे मी मनात मांडतच आले. दोघी दहावीत आल्या तेव्हा माझ्या या जुन्या दुखण्याला फोननं रोजचं काम दिलं.

सुरुवात तिनं केली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पुतणीचा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला आणि जाऊबाईनं तिचा फोटो झेंडूच्या चौकटीत बसवून, खाली 'हार्दिक अभिनंदन' लिहून स्टेटसला ठेवला. निवडून आलेल्या माणसाचा चौकात फ्लेक्स लागतो ना, तस्सा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारपर्यंत मी तसले बॅनर बनवायचं ॲप शोधून काढलं. माझ्या लेकीचा त्या आठवड्यात कुठेच नंबर आला नव्हता, म्हणून मी घटक चाचणीतल्या विज्ञानाच्या गुणांचं अभिनंदन केलं.

मग थांबलेच नाही. चित्रकलेची परीक्षा, वह्या तपासून मिळालेला शेरा, वाढदिवस, नवा ड्रेस, अभ्यास करताना, जेवताना. "नीट उभी राह्य. दात नको दाखवू. ताटाला हात लावू नको, आधी फोटो होऊ दे." लेक गरीब स्वभावाची. सांगितलं की उभी राहायची.

त्या ॲपात चेहरा गोरा करायची सोय होती. डाग पुसायची पण होती. लेकीच्या डाव्या गालावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक खड्डा आहे. चार वर्षांची असताना कांजिण्या आल्या होत्या. खाजवू नये म्हणून मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून बसून राहायचे, आणि एक दिवस भाजी ढवळायला उठले तेवढ्यात तिनं तो फोड फोडला. तो खड्डा मी सगळ्यात आधी पुसला. बोट एकदा फिरवलं की गाल सपाट व्हायचा. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच सुमाराला घरच्या ग्रुपवर नवऱ्याच्या आत्यानं लिहिलं, 'पोरीची तब्येत चांगलीच सुधारली की!' तब्येत सुधारली म्हणजे काय, ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं. पोरगी अंगानं सुटली. त्याखाली जाऊबाईनं हसरा चेहरा टाकला. एक हसरा चेहरा, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चेहरा बारीक करायची पट्टीसुद्धा त्या ॲपात आहे, हे मला त्याच दिवशी सापडलं.

आणि हे सगळं करताना मी गावभर मिरवत काय होते? तर आमच्या घरात पोरीला फोन नाही. 'आमची लेक मोबाईलपासून दूर' असंही मी एकदा स्टेटसला ठेवलं होतं. ती फक्त शाळेतून आलेला अभ्यास उतरवून घ्यायला अर्धा तास माझा फोन घ्यायची. त्या अर्ध्या तासात ती माझ्या फोनमधले फोटो बघायची, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीनंतर तिचा डबा भरलेला परत यायला लागला. डोकं दुखतं म्हणायची, झोप लागत नाही म्हणायची. आरशासमोर गाल आत ओढून उभी असायची. मला बघितलं की केस विंचरल्यासारखं करायची. हसली तर तोंडावर हात. मी म्हटलं, दहावीचं टेन्शन आहे. उतरलेल्या चेहऱ्यानं पुस्तकावर वाकलेली होती तेव्हासुद्धा मी फोटो काढला, गोरा केला आणि खाली लिहिलं, 'मेहनत'. जाऊबाईनं तो नऊ मिनिटांत बघितला.

मग शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली.

डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, वजन केलं. रक्त कमी आहे, वजन बरंच उतरलंय, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आजकाल पोरी फोन बघू बघू जेवण सोडून राह्यल्यात. किती वेळ असतो फोन हिच्या हातात?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर पाठ केलेलं होतं. "बिलकुल न्हाई, डॉक्टर. आमच्या घरात पोरीला फोनच न्हाई."

"मंग काय झालं बाळा?" त्यांनी तिला विचारलं.

ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मला फोन न्हाई. मम्मीला आहे. त्यात मी असते. ती बारीक आहे. मी तिच्यासारखं व्हायला बघून राह्यले."

डॉक्टर लिहायला लागले. खरं सांगते, त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला पहिला विचार लेकीचा नाही आला. हे जाऊबाईला कळता कामा नये, हा आला.

नवऱ्यानं संध्याकाळीच भावाला फोन करून सगळं सांगितलं. रविवारच्या गाडीनं जाऊबाई पुतणीला घेऊन हजर. हातात मोसंब्यांची पिशवी. आल्या आल्या पाय धुतले आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. "तू बस, मी करते जल्दी," म्हणाली. माझीच परात, माझाच तवा. भाकरी टाकली, पिठलं केलं, आणि लेकीच्या शेजारी जमिनीवर बसून, पुतणीच्या शाळेतलं काहीबाही सांगत एकेक घास मोडून तिच्या हातात देत राहिली. माझी लेक दीड भाकरी जेवली. तीन आठवड्यांत माझ्या हातची पाव भाकरी धड गेली नव्हती.

मी दारात उभी राहून बघत होते. बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. वाटलं, त्या बाईच्या हातून ताट ओढून घ्यावं. पोरगी माझी, खड्डा पडला तेव्हा हात धरून बसले ते मी, आणि ती जेवली कुणाच्या हातचं?

मुली आत गेल्या तेव्हा जाऊबाई भांडी विसळता विसळता म्हणाली, "तुझे स्टेटस बघून मी आमचीला रोज बोलत होते गं. बघ ती किती अभ्यास करती, बघ किती नीटस राहती. आमचीचं पण डोकं दुखायचं. एकदा तर ती म्हणली, मंग तिलाच घेऊन ये इथं. तेव्हापासून म्हणलं, बघायचंच न्हाई. तरी बोट जातं."

ती जळत होती! ती, मोठी, चवदार हाताची, माझ्यावर जळत होती! लेक अंथरुणाला खिळायची वेळ आली होती आणि मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याची लाज मला मागाहून वाटली, पण आनंद आधी झाला, हे लपवून काय उपयोग.

लेक बापाबरोबर त्यांना स्टेशनवर सोडून आली तेव्हा मी तिला विचारलंच. "माझ्या हातचं का जात न्हाई तुला? तिचं बराबर गेलं."

"मोठ्या मम्मीनं ताटाचा फोटो न्हाई काढला," ती म्हणाली. चिडून नाही. अभ्यासातलं उत्तर सांगावं तसं.

संध्याकाळी जाऊबाईच्या फोनवरून एक फोटो आला. परतूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना पुतणीनं काढलेला, दोघी बहिणींचा. माझी लेक तोंडावर हात न ठेवता हसत होती. दात दिसत होते. डाव्या गालावर तो खड्डा होता. आजवर स्टेटसला ठेवलेले सगळे फोटो मी सरकवत गेले. शेकड्यांनी फोटो, आणि खड्डा एकातही नाही. माझ्या लेकीचा खरा, हसरा चेहरा असलेला हा एकच फोटो, आणि तोही जाऊबाईच्या फोनमधून आलेला.

लेक ताट घेऊन शेजारी बसली. दुरडीतून एक भाकरी घेतली आणि फोनमध्ये डोकावली. "मस्त आलाय. हा ठेव ना मम्मी स्टेटसला. असाच."

तिनं स्वतःहून म्हणायची ही पहिली वेळ. आणि मी थांबले. अर्धा मिनिटही नसेल, पण थांबले. कारण त्या फोटोत पुतणी माझ्या लेकीपेक्षा उजवी दिसत होती.

लेक फोनकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"राहू दे," म्हणाली आणि भाकरी परत दुरडीत ठेवून आत गेली.

मी फोटो लगेच ठेवला. काही पुसलं नाही, काही लिहिलं नाही. फोन पालथा घालून दुरडीसमोर बसून राहिले. कुणी बघितला, कुणी नाही, मला माहीत नाही. नवऱ्याचं जेवण झालं, भांडी झाली, मी दुरडी झाकली नाही. बऱ्याच वेळानं ती पाणी प्यायला आली, पालथा फोन बघितला, माझ्याकडे बघितलं. मग खाली बसली आणि भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली, अर्धी आपण खाल्ली. चटणीशी, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

जाऊबाईच्या हातची दीड, माझ्या हातची अर्धी. हा हिशेब त्याही क्षणी माझ्या मनात झालाच.